अन्नातून विषबाधा झाल्यावर: शेवटची लघवी कधी झाली, हे आधी विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. काल रात्री नऊच्या सुमारास तुम्ही चौघं एका समारंभात जेवलात. साडेबारा-एकच्या दरम्यान तुमच्या नवऱ्याला उलट्या सुरू झाल्या, अर्ध्या तासात सहा वर्षांच्या मुलीलाही. पहाटेपासून दोघांना पातळ जुलाब होताहेत. ताप नाही, शौचातून रक्त नाही. बहात्तर वर्षांच्या सासूबाईंबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे: ‘त्यांना फारसं नाही, दोन-तीनदा जाऊन आल्या, आता झोपून आहेत, उठलं की गरगरतं म्हणतात.’ त्या बीपीच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या घेतात. तुम्हाला स्वतःला काहीच त्रास नाही. मागच्या आजारपणातल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घरात उरल्या आहेत, त्या सुरू करू का, खायला काय देऊ, दवाखान्यात कधी न्यायचं आणि अशक्तपणा किती दिवस राहतो, हे तुम्ही विचारलं आहे.

सासूबाईंना आत्ता दवाखान्यात न्या. पुढचं तिथे बसून वाचलंत तरी चालेल.

तुमचं सगळं लक्ष मुलीकडे आणि नवऱ्याकडे आहे, ते साहजिकच आहे. ज्याच्या उलटीचा आवाज येतो त्याच्याकडे घर धावतं. पण २८ वर्षं असे रुग्ण पाहिल्यावर मला काळजी वाटते ती कोपऱ्यात गप्प झोपलेल्या म्हाताऱ्या माणसाची. या वयात तहान लागण्याची जाणीवच मंदावते. शरीर कोरडं पडत असतं आणि ‘पाणी हवंय का?’ विचारलं तर उत्तर येतं, ‘नको, बरी आहे मी.’ उठल्यावर गरगरणं म्हणजे रक्तदाब खाली येत असल्याची खूण. त्यावर सकाळची बीपीची गोळी पोटात गेली असेल तर तो आणखी उतरतो. त्यांच्या कातडीला चिमटा घेऊन पाहू नका. वयामुळे कातडी सैल झालेली असते, त्यावरून काही ठरवता येत नाही. जीभ पाहा. ती कोरडी, खरखरीत आहे का? बोलण्यात नेहमीपेक्षा घोळ आहे का? आणि मी प्रत्येकाला पहिला विचारते तो प्रश्न: शेवटची लघवी कधी झाली?

जाताना त्यांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. लघवी जास्त करणारी बीपीची गोळी, नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येणाऱ्या बीपीच्या गोळ्या, मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ असतं त्या गोळ्या, ही औषधं शरीर कोरडं पडलेलं असताना मूत्रपिंडांना किंवा रक्ताच्या आम्लतेला भारी पडू शकतात. डॉक्टर बहुतेक वेळा ती थोडे दिवस थांबवायला सांगतात आणि नीट खाणंपिणं सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत पुन्हा चालू करतात. ‘ग्लिफ्लोझिन’वाल्या गोळीचा एक धोका घरच्यांना सहसा माहीत नसतो: पोट रिकामं आणि शरीर कोरडं असताना साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. हे गोळ्यांचं झालं. इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र ते आपल्या मनाने कधीच बंद करू नये, मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी. आणि तिथे ईसीजी काढायला सांगितला तर घाबरू नका. मधुमेह असलेल्या वयस्कर माणसाला हृदयाचा झटका छातीत न दुखता, नुसत्या मळमळीने, घामाने आणि गरगरण्याने येऊ शकतो. सगळ्यांनी एकत्र जेवलं म्हणून सगळ्यांचा त्रास त्या जेवणाचाच असेल, असं धरून चालता येत नाही.

आता नवरा आणि मुलगी.

जेवण आणि पहिली उलटी यांच्यात किती तास गेले, हे तुम्ही नेमकं लिहिलंत ते फार बरं केलंत. तपासण्यांपेक्षा हा आकडा मला पुष्कळदा जास्त सांगतो. साडेतीन-चार तासांत जोरात उलट्या, ताप नाही, एकाच वेळी जेवलेल्या दोघांना जवळजवळ एकाच वेळी त्रास, म्हणजे बहुतेक अन्नात आधीच तयार झालेलं विष पोटात गेलं. स्टॅफिलोकॉकस ऑरिअस आणि बॅसिलस सिरिअस हे दोन जीवाणू असं करतात. अन्न शिजवून तासन्‌तास कोमट राहिलं की ते त्यात वाढतात आणि विष सोडतात. अन्न पुन्हा गरम केलं तर जीवाणू मरतात, पण हे विष उष्णतेला दाद देत नाही. म्हणून ‘गरमागरमच वाढलं होतं हो’ या वाक्यावर मी विसंबत नाही. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधे अन्न दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासापेक्षा जास्त नाही, असा नियम यासाठीच आहे.

अंतर वेगळं असतं तर मी वेगळा विचार केला असता. सहा ते चोवीस तासांनी पोटात मुरडा आणि पातळ जुलाब, उलट्या जवळजवळ नाहीतच, असं असेल तर क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जीवाणू. तो बहुधा दिवसभरात आटोपतो. बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी उलट्या-जुलाब आणि मग घरात एकामागून एक सगळे आडवे, हा नोरोव्हायरस नावाचा विषाणू. साल्मोनेला हा जीवाणू सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही येतो, बरोबर ताप आणतो आणि चार ते सात दिवस रेंगाळतो. कॅम्पायलोबॅक्टर या जीवाणूला दोन ते पाच दिवस लागतात. म्हणूनच लोक शेवटच्या जेवणाला दोष देतात तेव्हा पुष्कळदा दोषी त्याच्या दोन दिवस आधीचं जेवण असतं.

तुम्हाला काहीच का झालं नाही? विष सगळ्या ताटात सारखं नसतं. बिघडलेला एखादाच पदार्थ असतो, तो कोणी दोनदा घेतो, कोणी चाखतही नाही. कोण काय जेवलं ते आजच आठवून कागदावर लिहून ठेवा. समारंभातले इतरही आजारी असतील तर आरोग्य विभागाला कळवा. त्यांना तुमची ही यादी उपयोगी पडेल.

या प्रकारात उलट्यांचा जोर बहुधा काही तासांत ओसरतो आणि चोवीस तासांत माणूस बराचसा सावरतो. विषाला उतारा नाही, आणि तो लागतही नाही, कारण शरीर ते स्वतःच बाहेर टाकतं. घशात बोट घालून मुद्दाम उलटी काढायला लावू नका. कोळशाच्या गोळ्या, मिठाचं घट्ट पाणी, पोट साफ करायचं औषध, यातलं काहीही देऊ नका. मिठाच्या घट्ट पाण्याने मुलांच्या रक्तातलं सोडियम जिवावर बेतेल इतकं वाढू शकतं.

आपलं काम एकच: जेवढं बाहेर जातंय तेवढं आत भरत राहणं. अशा आजारात लोक दगावतात ते बहुतांशी विषाने नव्हे, तर पाणी आणि क्षार गेल्याने. सुदैवाने जगातल्या सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगल्या औषधांपैकी एक याच कामाचं आहे: जलसंजीवनी, म्हणजे ओआरएस.

ती चालते कशी, हे एकदा समजलं की ती नीट देता येते. जुलाबात आतड्याचं अस्तर पाणी गाळत असतं, तरी त्यातली एक वाट उघडीच राहते: ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत ओढलं जातं. ही जोडी जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडली. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात निर्वासितांच्या छावण्यांमध्ये पटकीची साथ आली आणि शिरेतून द्यायचं सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं पाणी नातेवाइकांच्याच हातून रुग्णांना पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते चार टक्क्यांच्या खाली आलं. मला या हकिकतीत सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती पाजणारे हात. त्यांतले बरेचसे परिचारिकांचे नव्हते, आईबापांचे होते. तुम्हीही आज हेच करायचं आहे.

पाकीट पूर्ण फोडा आणि त्यावर लिहिलंय तितक्याच पाण्यात, बहुधा एक लिटर, पूर्ण विरघळवा. ‘अर्धं आता, अर्धं नंतर’ करू नका. अंदाजाने टाकलेली पूड कमी-जास्त होते आणि दोन्ही वाईट. मी एका चार वर्षांच्या मुलाला पाहिलं होतं, त्याला अख्खं पाकीट एका पेल्यात कालवून दिलं जात होतं, ‘जास्त ताकद यावी म्हणून’. पोर आणखी तहानलेलं, चिडचिडं आणि आणखी पातळ जुलाब करणारं झालं होतं. चव लागावी म्हणून वरून साखर घालू नका, फळांच्या रसात किंवा शीतपेयात मिसळू नका, तयार पाणी पुन्हा उकळू नका. झाकून ठेवा आणि चोवीस तासांत संपलं नाही तर ओतून टाका. सध्याच्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ, १३.५ ग्रॅम ग्लुकोज, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. आधीच्या सूत्रापेक्षा हे सौम्य आहे, त्याने उलट्या आणि जुलाबाचं प्रमाणही थोडं कमी राहतं.

पाकीट मिळेपर्यंत घरचं चालेल: एक लिटर स्वच्छ पाणी, सपाट सहा चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा ५ मिलिलिटरचा, आणि सपाट म्हणजे बोट फिरवून सपाट केलेला. चाखून पाहा; अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते ओता आणि नव्याने करा. नुसतं पाणी पाणी पाजत राहणं पुरेसं नाही, कारण क्षार भरून निघत नाहीत. फळांचे रस आणि शीतपेयं तर मुलांना देऊच नका. त्यातली जास्तीची साखर आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

‘पण काही पोटात राहतच नाही, घेतलं की उलटी!’ हे मला रोज ऐकावं लागतं, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच असतं: तहानलेल्या माणसाला आपण पेलाभर दिलेलं असतं आणि त्याने ते घटाघटा प्यायलेलं असतं. चिडलेलं पोट ताणलं गेलं की ते लगेच परत पाठवतं. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा. मग चमच्याने सुरू करा, दर मिनिटाला एक चमचा. चमचा ५ मिलिलिटरचा, म्हणजे तासाला ३०० मिलिलिटर. शिरेतून दिलं जाणारं सलाईनही पुष्कळदा साधारण याच वेगाने चालतं. दोन मिनिटांनी एक दिलात तरी तासाला १५० होतात. मुलीच्या शेजारी घड्याळ घेऊन बसा. कंटाळा येईल, हात दुखेल, ती तोंड फिरवेल, तरी बसा. मधे उलटी झाली तरी दिलेलं सगळं वाया गेलेलं नसतं, थोडं आत शिरलेलं असतं. पुन्हा दहा मिनिटं, पुन्हा चमचा. तास-दीड तास टिकलं की घोट मोठा करा. थंड केलेलं ओआरएस मुलं जास्त सहज घेतात.

किती द्यायचं? दोन ते दहा वर्षांच्या मुलाला दर पातळ जुलाबानंतर १०० ते २०० मिलिलिटर, दोन वर्षांखालच्याला ५० ते १००, मोठ्यांना मागतील तेवढं. मुलगी थोडी कोरडी पडलीय असं वाटत असेल, म्हणजे जीभ सुकलेली, डोळे जरा आत गेलेले, चिडचिड, अधाशासारखी तहान, तर हिशोब वजनावर: किलोमागे ७५ मिलिलिटर, चार तासांत. तुमची मुलगी २० किलोची असेल तर दीड लिटर. आकडा मोठा वाटतो, पण चमच्याने सुरुवात करून, टिकल्यावर घोट मोठा केला की तो गाठता येतो. फक्त त्या वेळी ती डॉक्टरांच्या नजरेखाली असलेली बरी.

आता लघवीच्या नोंदीसाठी एक कागद घ्या. प्रत्येकाच्या नावापुढे वेळा लिहा: उलटी, जुलाब, लघवी. जुलाब मोजून घाबरायला होतं, पण निर्णय लघवीवर घ्यायचा असतो. दहा जुलाब होऊनही दर चार-पाच तासांनी फिकट लघवी होत असेल, तर भरणं चाललंय. तीनच जुलाब झाले आणि आठ तास लघवी नाही, किंवा झाली ती थोडीशी आणि गडद, तर आपण मागे पडतोय. शौचाबरोबर लघवी झाली तर कळत नाही, म्हणून मुलीला प्रत्येक वेळी विचारा. तान्ह्या बाळाचा लंगोट सहा तास कोरडा राहिला तर ती वेळ वाट पाहायची नाही.

उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कोणालाही देऊ नका. तुमच्या घरातलं चित्र तयार विषाचं आहे. विषावर अँटिबायोटिक चालत नाही, नोरोव्हायरसवरही नाही. साल्मोनेलाच्या साध्या आजारात तर या औषधाने जंतू आतड्यात उलट जास्त काळ मुक्काम करू शकतात. आणि ई. कोलायची एक जात आहे, ओ१५७, जी रक्ताचे जुलाब करते. तिच्यात अँटिबायोटिक दिल्यास मूत्रपिंडं निकामी करणाऱ्या गुंतागुंतीचा धोका वाढू शकतो, विशेषतः मुलांत. सुरुवातीच्या वर्षांत नातेवाइकांचं समाधान व्हावं म्हणून मीही ती लिहून द्यायचे. ते चूक होतं. पटकी, तापासह आव, तीन महिन्यांच्या आतली बाळं, प्रतिकारशक्ती दुबळी असलेले रुग्ण, गरोदरपणातला लिस्टेरिया (अन्नातून येणारा एक जीवाणू), इथे अँटिबायोटिक लागतं, पण कोणतं आणि किती ते तपासून ठरतं, डब्यातल्या उरलेल्या चार गोळ्यांवरून नाही.

जुलाब थांबवायची गोळी, लोपरामाइड, मुलीला द्यायचीच नाही. नवऱ्याला ताप किंवा रक्त नसेल आणि काही कारणाने अगदीच गरज असेल तर पाकिटावरच्या मात्रेत चालेल, पण मी म्हणेन की एक दिवस धीर धरा. रक्त किंवा ताप असताना ती घेतली तर विषारी मळ आतच कोंडतो आणि आतडं फुगण्याचा धोका असतो. उलट्या काही केल्या थांबत नसतील तर ऑनडॅनसेट्रॉनची एक मात्रा डॉक्टर देतात; तिने चमच्याने पाणी पाजायला वाट मोकळी होते. अंगदुखीला पॅरासिटामॉल मात्रेत द्या. आयबुप्रोफेन आणि तत्सम वेदनाशामकं मात्र टाळा, कोरड्या पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडांवर घाला घालतात. मुलीसाठी डॉक्टरांना झिंकबद्दल विचारा. पाच वर्षांखालच्या मुलांत ते दहा ते चौदा दिवस देतात, तुमची मुलगी त्या वयाच्या जरा पुढे गेलीय. प्रोबायोटिकच्या, म्हणजे पोटाला उपयोगी मानलेल्या जंतूंच्या, पुड्यांवर पैसे घालवू नका: २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन मोठ्या अभ्यासांत मुलांच्या अशा आजारात त्यांचा फायदा दिसला नाही. आणि एक गोष्ट, जी विचारायला बायका संकोचतात: गर्भनिरोधक गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेली नाही असं धरा आणि माहितीपत्रकाप्रमाणे दुसरी घ्या.

खाण्याबद्दल. लंघन करायला लावू नका. आतड्याच्या पेशींना दुरुस्तीसाठी अन्नच लागतं. पण जबरदस्तीही नको. उलट्या थांबून तीन-चार तास झाले आणि भूक लागली की थोडं थोडं द्या: मऊ भात, उकडलेला बटाटा, केळं, ब्रेड, पातळ सूप. मीठ घालून द्या. तळकट, तिखट, खूप गोड, कॉफी आणि दारू दोन-तीन दिवस बाजूला. अंगावर पिणारं बाळ असेल तर त्याचं दूध एक वेळही तोडू नका. मोठ्यांना आणि मुलांना नेहमीचं दूध मात्र काही दिवस जड जाऊ शकतं, कारण दुधातली साखर पचवणारं द्रव्य आतड्याच्या वरच्या थरात असतं आणि तो थरच खरवडला गेलेला असतो. दूध प्यायल्यावर पोट फुगून जुलाब परतले तर एक-दोन आठवडे थांबा. त्याला पुन्हा विषबाधा समजू नका.

घरी थांबू नका अशी वेळ कोणती, ते आता सांगते. शौचात किंवा उलटीत रक्त, काळं डांबरासारखं शौच, हिरवी उलटी, १०२ फॅरनहाइटच्या वर ताप, चमच्यानेही चार-सहा तास काही न टिकणं, आठ तास लघवी नसणं, ग्लानी किंवा असंबद्ध बोलणं, हातपाय गार पडणं, मोठ्यांत तीन दिवसांपेक्षा जास्त जुलाब, मुलांत एका दिवसापेक्षा जास्त आणि बरोबर सुस्ती. पोटदुखी येऊन-जाऊन न राहता एकाच जागी, विशेषतः उजवीकडे खाली, ठाण मांडून बसली तर ते अपेंडिक्स असू शकतं. गरोदर बाईला ताप असेल तर जुलाब कितीही थोडे असोत, तिला लगेच दाखवा. लिस्टेरिया आईला थोडाच त्रास देतो आणि बाळाला फार.

दोन गोष्टी वेगळ्या सांगते, कारण त्या फार क्वचित दिसतात आणि त्यामुळे चुकतात. एक, दृष्टी दुहेरी होणं, पापण्या खाली पडणं, जीभ जड होणं, गिळता न येणं. हे बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या जीवाणूच्या विषाची बाधा; पोटाचा त्रास त्यात नाममात्र असू शकतो, ताप नसतो, शुद्ध पूर्ण असते आणि श्वासाचे स्नायू हळूहळू थकतात. त्यावर प्रतिविष आहे, पण ते जितकं लवकर मिळेल तितका उपयोग. दोन, रानातली अळंबी खाऊन सहा तासांहून उशिरा उलट्या-जुलाब सुरू होणं. एक-दोन दिवसांनी माणूस बरा झाल्यासारखा दिसतो, आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असतं. इथे बरं वाटण्याची वाट पाहायचीच नाही.

तुम्ही एकट्या धडधाकट आहात, तेव्हा सगळं काढणं तुमच्यावर येणार. हे विषाचं प्रकरण मी मानते आहे, पण नोरोव्हायरस असल्यागत वागा, कारण चुकले तर तो तुम्हाला गाठेल. त्याचे अगदी थोडे कणही आजाराला पुरतात. उलटी पुसताना हातमोजे, तोंडावर कापड, कागदाने टिपून पिशवीत बंद, मग ब्लीचच्या पाण्याने फरशी. हात साबणाने वीस सेकंद. अल्कोहोलचं सॅनिटायझर या विषाणूवर अपुरं पडतं. त्यांचे टॉवेल वेगळे. स्वयंपाक तुम्हीच करा, बरं वाटतंय म्हणून नवऱ्याला लगेच त्यात घेऊ नका. आणि स्वतः वेळेवर जेवा, झोपा. रात्री चमचा धरायला दुसरं कुणी मिळालं तर जरूर बोलवा.

बरं होण्याचा काळ. उलट्या थांबल्यावर दुसऱ्या दिवशी माणूस पिळून काढल्यासारखा होतो. पायात गोळे येतात, जिना चढताना धाप लागते, बरगड्या उमाशांनी दुखतात. तीन-चार दिवसांत हे उतरतं, थकवा आठवडाभर रेंगाळू शकतो. नंतर दोन-तीन दिवस शौचालाच होत नाही. पोट रिकामं झालेलं असतं, त्यात बिघाड काही नाही, जुलाबाचं औषध घेऊ नका. सासूबाई उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसूदेत. या आजारातल्या पडण्यानेच माकडहाड किंवा खुबा मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्यांच्या थांबवलेल्या गोळ्या पुन्हा कधी सुरू करायच्या, ती तारीख आजच डॉक्टरांकडून लिहून घ्या, नाहीतर त्या महिनाभर तशाच बंद राहतात.

पोट मात्र कधीकधी दीर्घकाळ लहरी राहतं. जंतूंमुळे झालेल्या जुलाबांनंतर साधारण दहातल्या एकाला काही महिने खाल्लं की लगेच जावं लागणं, कळा, फुगणं असा त्रास उरतो. तो खरा असतो, मनाचा खेळ नसतो आणि बहुतेकांत हळूहळू कमी होतो. वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल किंवा रक्त दिसलं तर मात्र तपासणी हवी. कॅम्पायलोबॅक्टर किंवा साल्मोनेलानंतर एक ते तीन आठवड्यांनी गुडघे-घोटे सुजू शकतात. पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढत गेला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कॅम्पायलोबॅक्टरनंतर क्वचित नसांचा असा आजार होतो. तुमच्या घरातल्या तीन-चार तासांच्या विषबाधेत याची शक्यता कमी आहे, पण तीन आठवड्यांनी सांधे दुखले तर डॉक्टरांना या जेवणाची आठवण नक्की करून द्या, ते स्वतःहून विचारतीलच असं नाही.

मुलीला शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यापासून पूर्ण ४८ तास शाळेत पाठवू नका, नवऱ्यालाही कामावर तितकेच तास नको. आज रात्री मात्र दोघांनाही एकदा तरी उठवा, घोटभर पाजा आणि लघवीला नेऊन आणा. वेळ कागदावर लिहा. उद्या सकाळी पुन्हा काही विचारायचं झालं तर मला आधी तो कागद वाचून दाखवा.